चौतिसावं नाव

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समितीचे मा. केशोरावजी पटले, गावच्या सरपंच मा. भूमेश्वरीताई, मुख्याध्यापक मा. उमेंद्र कटरे सर, व्यासपीठावरील इतर सन्माननीय पाहुणे, शाळेतील सर्व शिक्षक, शिक्षिका, गावातील वडीलधारी मंडळी, माता-भगिनी आणि पटांगणात उन्हात बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सर्वांना नमस्कार.

मी श्यामलाल रहांगडाले. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीचं काम केलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मला भाषणाची सवय नाही. मोजणीवाल्याला कमी बोलायचीच सवय लावून घ्यावी लागते, कारण दोन्ही बाजूचे शेतकरी बांधावर उभे असतात आणि तुमच्या तोंडातून काय निघतं याची वाट पाहत असतात. म्हणून मी कागदावर लिहून आणलं आहे. मध्ये मध्ये पाहीन, त्याबद्दल राग नसावा.

आज एकतीस जानेवारी. सरकारी हिशेबानं माझी पत्नी प्रेमिला आज निवृत्त होणार होती. या शाळेत तिनं चौदा वर्षं इंग्रजी शिकवलं. हा निरोप समारंभ तिचाच आहे. अकरा नोव्हेंबरला, मंगळवारी सकाळी, शाळेत निघायची तयारी करताना ती गेली. साडेआठ वाजता वेणी घालत होती, पावणेनऊला नव्हती. डॉक्टर म्हणाले हृदय. तरीही कटरे सरांनी ठरवलं की समारंभ ठरल्या तारखेलाच करायचा. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. का नाही म्हटलं, तेच आज सांगायचं आहे.

माझ्या आधी तीन जण फार चांगलं बोलले. सगळे "बाई", "त्या", "मॅडम" म्हणाले. मी नाव घेतो आहे. आमच्या पोवार घरांमध्ये जुनी माणसं नवरा-बायकोचं नाव घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मीही तीस वर्षं "ऐकून राहिली काय" एवढ्यावरच काम भागवलं. पण प्रेमिलाचा वर्गात एक नियम होता. आधी नाव, मग सर्वनाम. ज्याचं नाव सांगितलं नाही त्याला "तो" म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याला कळणार कसं, कोण ते?

हा धडा ती कसा शिकवायची हे तिच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. पाहुण्यांसाठी सांगतो. इंग्रजीत नाव पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून ही, शी, हिज, हर असे शब्द वापरतात. पुस्तकात त्यासाठी राम आणि सीता असतात. प्रेमिला पुस्तकातली वाक्यं घेत नसे. सातव्या वर्गातल्या प्रत्येक मुलावर ती सहा वाक्यं लिहायची. वाक्यं खरी पाहिजेत आणि त्याच मुलाची पाहिजेत, दुसऱ्या कोणाला लागू पडता कामा नयेत. प्रत्येक वाक्यात त्या मुलाचं पूर्ण नाव. तो मुलगा उभा राहून ती वाचायचा. चौथ्या-पाचव्या वाक्याला वर्ग हसायला लागायचा, "मॅडम, कितीदा मंगरू मंगरू?" मग ती त्याच मुलाच्या हातात खडू आणि डस्टर द्यायची. त्यानं आपल्या हातानं आपलं नाव पुसायचं आणि तिथं ही किंवा हिज लिहायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पहिल्या ओळीतलं नाव मात्र पुसायचं नाही. ते शाळा सुटेपर्यंत फळ्यावर राहायचं, मग पुढच्या तासाला गणित असो की भूगोल. गणिताचे सर त्या नावाच्या खाली जागा करून लिहायचे. बरोबर ना, सर?

आता खरी वाक्यं आणायची कुठून? त्यासाठी आम्ही रविवारी निघायचो. गोंदियाहून स्कूटरवर दवनीवाड्याच्या रस्त्यानं यायचं, गावात दोन-तीन घरी जायचं, दुपारपर्यंत परत. ती आत जायची. मी बाहेर बसायचो. मला तसा हुकूमच होता. पहिल्या वर्षी मी एका घरात गेलो, तर घरमालक मला ओळखून आत गेला आणि सातबारा घेऊन आला. अर्धा तास बांधाचीच गोष्ट. बाहेर आल्यावर प्रेमिला म्हणाली, "तुमी बाहेरच बसत जा. तुमाले पाहून लोक पोरायबद्दल नाही, वावराबद्दल बोलतात." तेव्हापासून मी चौदा वर्षं बाहेर बसलो. या गावातल्या जवळपास प्रत्येक अंगणात मी बाजेवर बसून चहा प्यायलो आहे. मुलांची नावं मला माहीत नाहीत. अंगणं माहीत आहेत.

या वर्षी सातव्यात चौतीस मुलं. जानेवारीत निवृत्त व्हायचं म्हणून तिनं घाई केली होती. दिवाळीच्या सुटीनंतर चारच मुलं राहिली होती. तिघांच्या घरी आम्ही जाऊन आलो होतो. एक घर बाकी होतं.

नऊ नोव्हेंबर, रविवार. ती तयार होऊन आली. म्हणाली, "आज दामिनीकडं जायचं आहे ना?" मी म्हटलं, "पुढच्या रविवारी जाऊ."

ती म्हणाली, "बरं."

कारण विचाराल तर काही नव्हतं. पाऊस नव्हता, स्कूटर चांगली होती, मला बरं वाटत होतं. पेपर वाचत होतो. मंगळवारी ती गेली.

लोक मला विचारतात, कसे आहात. मी बरा आहे. जेवण होतं, झोप लागते. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही, त्याबद्दल घरी थोडी काळजी चालली आहे. पण ते "बरं" मला ऐकू येतं. इतर काही येत नाही.

तेरवी झाल्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कटरे सरांचा फोन आला. म्हणाले, पोरं रोज विचारून राहिली, राहिलेल्या चौघांचं काय. मी तिच्या पर्समधली डायरी घेऊन शाळेत आलो. डायरीत तीन पानांवर तीन टिपणं होती. पण एकावरही नाव नव्हतं. नावं तिच्या डोक्यात असत. लिहिताना ती नुसतं तो, ती असंच लिहायची. वर्गाला शिकवलेला नियम तिनं स्वतः पाळला नव्हता. कटरे सर म्हणाले, आता हे कोणाचं ते कसं कळणार? आम्ही दोघं वर्गात गेलो आणि सरांनी पहिलं टिपण वाचलं. "तो म्हशीला इंजिन म्हणतो. म्हैस उठली नाही तर तो तोंडानं शिटी वाजवतो."

अख्खा वर्ग ओरडला, "मुन्ना होय, सर!" मुन्ना बाकाखाली गेला होता.

दुसरं टिपण, "तिला पोहता येतं. ती नदीत शिकली. घरी माहीत नाही." यावर एक मुलगी ताडकन उभी राहिली, "सर, नका ना वाचू! माही माय मारन मले!" या मुलीचं नाव मी इथं सांगत नाही. नियम मोडतो आहे, पण तिची आई समोरच बसलेली आहे.

ताई, तुम्ही हसताय म्हणजे तुम्ही नसाल. असो.

तिसरं टिपणही ओळखलं गेलं. सरांनी तिघांची वाक्यं पुढच्या दिवसांत फळ्यावर लिहिली आणि तिघांनी आपापली नावं पुसली. त्या दिवशी मी वर्गातून निघालो तेव्हा मुन्नानं विचारलं, "आन् दामिनीचं?"

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसली होती. ती वर न पाहता म्हणाली, "राहू द्या ना सर. माह्या घरी लिहासारखं काही नाही."

मी डायरी मिटली आणि घरी आलो.

चौदा डिसेंबरला, रविवारी, मी एकटा निघालो. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीजवळचं शेवटचं घर, असं सरांनी सांगितलं होतं. दारात एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. मुन्नीबाई. त्या आज इथं आल्या आहेत, पहिल्या रांगेत आहेत. मी विचारलं, "दामिनीचं घर हेच का?"

"कोन दामिनी?"

"शाळेत जाते ती. सातवीत."

"इथं दामिनी-फामिनी कोनी नाही. कोन होय तुमी? आधारकार्डवाले हाव काय?"

मी नाही म्हटलं आणि निघालो. पानठेल्यावर गावातला बकाराम उभा होता. त्यानं विचारलं, "काऊन परत चालले?" मी सांगितलं. तो हसायला लागला. "अवो, थेच घर होय! बुढीले दामिनी म्हनून काय कळते? दामिनी त शाळेतलं नाव होय. घरी टुरी म्हनतात. टुरी हाय काय असं विचारा लागते."

शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो, आपल्याकडं टुरी म्हणजे पोरगी. म्हणजे त्या घरात तिला फक्त पोरगी म्हणत. आईवडील नागपूरला बांधकामावर असतात, फोनवर तेही टुरीच म्हणतात. दामिनी हे नाव अंगणवाडीच्या ताईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि ते रजिस्टरमध्येच राहिलं.

घर शंभर पावलांवर होतं. परत जायला हवं होतं. मी स्कूटर सुरू केली आणि गोंदियाला आलो.

त्यानंतर चार रविवार गेले. चारही रविवारी मी स्कूटर पुसली, पेट्रोल पाहिलं, डिकीत डायरी ठेवली. आणि घरी बसलो. हे सांगायला मला बरं वाटत नाही. पण तुम्ही प्रेमिलाचा सत्कार करता आहात आणि शाल माझ्या खांद्यावर येणार आहे, तर हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

मग कटरे सरांनी या समारंभासाठी फोन केला. मी त्यांना विचारलं, "दामिनीचं झालं का?" ते म्हणाले, नाही झालं. मी म्हटलं, एक मूल राहिलं असताना निरोप कसा घ्यायचा? सर भले माणूस आहेत. म्हणाले, "तुमी त्रास करून घेऊ नका, मीच लिहून टाकतो. दामिनी शाळेत येते. दामिनी अभ्यास करते. दामिनीला आंबा आवडतो. झाली वाक्यं." सर, तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ती वाक्यं चौतिसांतल्या कोणालाही लागू पडली असती. मी म्हटलं, मला एक रविवार द्या.

अठरा जानेवारीला मी गेलो. स्कूटर थांबवली आणि मी काही बोलायच्या आत मुन्नीबाई दारातून म्हणाल्या, "तुमीच होय ना? थे खडखड स्कूटरवाले? पहिले आले त पळून गेले. आज बसाल काय?"

मी बाजेकडं वळलो. त्या म्हणाल्या, "बाहेर कायले बसता? अंदर या ना."

त्या पहिल्या वर्षानंतर मी पहिल्यांदाच कोणाच्या घरात आत गेलो. तेव्हा मला कळलं की मुन्नीबाईंना दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढंच समजतं. मी मागच्या वेळी समोर उभा राहून बोललो होतो आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "टुरी आहे काय?" त्या म्हणाल्या, "हाय ना. चहा मांडून राहिली."

दामिनी चुलीजवळ होती. मला पाहून ती उभी राहिली. प्रेमिला असती तर तिनं विचारलं असतं. मला विचारता येत नाही, पाहता येतं. मी पाहत बसलो.

मुन्नीबाई उठल्या. दाराच्या चौकटीला एक दोरी बांधलेली होती, तिला मध्ये मध्ये गाठी होत्या. मागच्या वेळी मी तिच्या बाजूनं गेलो होतो, कपडे वाळवायची समजून. मुन्नीबाईंनी त्या दोरीवर हात ठेवला आणि अंगणातून चालत निघाल्या. एका ठिकाणी थांबून पाय खाली टाकला, पुढं गेल्या, एका ठिकाणी वळल्या, आणि न्हाणीच्या दाराशी पोचल्या. काठी नाही, कोणाचा हात नाही.

मी दामिनीला विचारलं, "हे कोणी बांधलं?"

"मीनं."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोनीच नाही. पोळ्याच्या दिवशी आजी पडली होती ना."

"आणि गाठी कशाला?"

"एक गाठ म्हंजे पायरी. दोन म्हंजे वळाचं. तीन म्हंजे आलं."

मी म्हटलं, "मग घरी लिहिण्यासारखं काही नाही असं का म्हणालीस?"

ती म्हणाली, "हे काय लिहाचं सर? हे त दोरी होय."

माझ्या डिकीत अजून टेप असतो. मी बाहेर जाऊन आणला आणि दोरी मोजली. तेरा मीटर चाळीस सेंटीमीटर. एवढ्या अंतरात कुठंही झोळ नव्हता. मी चौतीस वर्षं शेतांत दोरी आणि साखळी धरणारी माणसं पाहिली आहेत, झोळ येतोच. विचारलं तर म्हणाली, रोज शाळेत येण्याआधी ताणून पाहते, कारण दव पडलं की दोरी सैल होते. टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. मुन्नीबाई न्हाणीजवळून ओरडल्या, "काय मोजून राहिले? अंगन कोनाच्या नावावर करता?"

मी चहा प्यायलो. आत बसून. मग घरी येऊन सहा वाक्यं लिहिली. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. कटरे सरांनी ती तपासली. मी दोरीची लांबी सेंटीमीटरसह टाकली होती, ती सरांनी काढली. म्हणाले, हे वाक्य आहे, मोजणीचा नकाशा नाही. बाकी तशीच ठेवली.

ती वाक्यं माझ्या मागच्या फळ्यावर आहेत. सकाळी पडदा टाकून ठेवला होता तो आता काढला आहे. मुन्नीबाईंना इंग्रजी येत नाही आणि फळा दिसत नाही, म्हणून मी मराठीत वाचतो.

दामिनी सातव्या वर्गात आहे.

दामिनीनं दारापासून न्हाणीपर्यंत दोरी बांधली आहे.

दामिनीनं दोरीला पायरीची, वळणाची आणि पोचल्याची गाठ मारली आहे.

दामिनी रोज सकाळी दोरी ताणून पाहते.

दामिनीची आजी दोरी धरून एकटी चालते.

दामिनी म्हणते, ही नुसती दोरी आहे.

काय म्हणता, आजी? जरा शांत राहा मुलांनो, आजी काही विचारतात.

मुन्नीबाई विचारतात, "हे दामिनी म्हंजे आमचीच टुरी काय?"

होय, आजी. तुमचीच.

"मंग येकदाच सांगून टाकाचं ना. येवढ्यांदा काऊन नाव घेऊन राहिले?"

हसू द्या त्यांना. आजी, तुम्ही काही चुकीचं बोलला नाही. प्रेमिला ज्याची वाट पाहायची तेच बोललात. एवढंच आहे की इतर तेहतिसांची नावं घरी रोज घेतली जातात, म्हणून त्यांचा वर्ग चौथ्या ओळीला कंटाळला. तुम्ही सहाव्या ओळीपर्यंत ऐकून घेतलंत.

माझं सांगून झालं. प्रेमिला असती तर दामिनीच्या घरातून हे तिनं पाच मिनिटांत काढलं असतं, मला दहा आठवडे लागले. त्यात एक रविवार तिच्या हयातीतला होता. तो मी परत देऊ शकत नाही.

हा कार्यक्रम ठरल्या तारखेला घेतला, त्याबद्दल कटरे सर आणि सर्व शिक्षकवृंद यांचा मी ऋणी आहे. अध्यक्ष केशोरावजी आणि सरपंच भूमेश्वरीताई यांनी वेळ काढला, गावानं मंडप उभारला, चौदा वर्षं ज्या ज्या घरांनी बाहेर बसलेल्या माणसाला न विचारता चहा दिला, त्या सगळ्यांचे आभार. घरच्या माणसाबद्दल बोलताना माणसाचं प्रमाण चुकतं. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं नको तिथं घेतलं गेलं असेल, फळ्यावरचं माझं अक्षर वाकडं असेल, तर आपलाच समजून सांभाळून घ्यावं.

आता एकच विनंती. पाच ठिकाणी पुसायचं आहे आणि वेळ लागेल. कोणी उठून मदत करू नये, कोणी पुढून सांगू नये. पहिली ओळ संध्याकाळपर्यंत राहील. कार्यक्रमाच्या खुर्च्या-सतरंज्या उचलणाऱ्या मुलांनी फळ्याला धक्का लावू नये.

दामिनी, ये. घाई नाही.